कुठल्या सालापासून बिघडलं?

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस तुमच्यासमोर उभी असते. गवळी तुमच्यादेखत धार काढतो, फेसाळ पेला हातात देतो, आणि तो तोंडाला लावता लावता शेजारचे कुणीतरी काका म्हणतात, "पूर्वीसारखं दूध राहिलं न्हाई." मला या वाक्याचं फार कौतुक वाटतं. मधे डेअरी नाही, पिशवी नाही, पाणी घालायला उसंत नाही, तरी दूध पूर्वीसारखं नाहीच. मग गाडी दुधावरून माणसांवर येते, माणसांवरून पोरांवर, पोरांवरून पुढाऱ्यांवर, आणि पेला रिकामा होईतोवर देश बुडालेला असतो.

ही नुसती म्हातारपणची कुरकुर असती तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण "देश उताराला लागलाय, त्याला सावरायला हवं" हा राजकारणातला फार जुना आणि फार कामाचा विचार आहे. लंडनमध्ये, वॉशिंग्टनमध्ये, दिल्लीत त्यावर निवडणुका जिंकल्या गेल्या आहेत. या विचाराच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, आणि तो कट्ट्यावर सहसा निघत नाही. देश सावरायचा म्हणून सरकारच्या हातात जास्त अधिकार द्यायचे, की सरकारनंच वाट लावली म्हणून त्याचे हात बांधायचे? स्वतःला परंपरेचे राखणदार म्हणवणारे लोक या प्रश्नावर जगभर दुभंगलेले आहेत. तो दुभंग समजला की बातम्यांतल्या निम्म्या भांडणांचा उलगडा होतो.

आधी शब्दाची अडचण. कॉन्झर्व्हेटिव्ह या शब्दाला मराठीत धड जोडीदार नाही. 'प्रतिगामी' ही शिवी झाली. 'पुराणमतवादी' म्हटलं की डोळ्यांपुढं शेंडी येते, 'सनातनी' म्हटलं की धर्म येतो, 'उजवा' म्हटलं की पक्ष. मी इथं 'परंपरावादी' म्हणतो, तेही नाइलाजानं. मनातला शब्द खरं तर 'जपणारा' असा आहे.

या विचाराचा मूळपुरुष म्हणून एडमंड बर्कचं नाव घेतात. डब्लिनमध्ये जन्मलेला, ब्रिटिश पार्लमेंटात बसणारा माणूस. १७९० मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीला जेमतेम वर्ष झालं असताना, त्यानं तिच्यावर सडकून टीका लिहिली. राजाचं मुंडकं उडायला तेव्हा अजून दोन वर्षांहून जास्त काळ होता. बर्कचं म्हणणं आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर असं: समाज म्हणजे उद्यमनगरातलं इंजिन नव्हे, की खोललं, पुसलं, पुन्हा बसवलं. होऊन गेलेली माणसं, आज असलेली माणसं आणि अजून जन्माला यायची माणसं यांच्यातला तो न संपणारा व्यवहार आहे. एका पिढीनं एका रात्रीत तो मोडायचा नसतो. पण याच बर्कनं असंही म्हटलंय की ज्या राज्याला बदलायची सोय नाही त्याला टिकायचीही सोय नाही. अमेरिकेतल्या वसाहतींच्या तक्रारी त्यानं उचलून धरल्या. हिंदुस्थानात कंपनीनं केलेल्या जुलमाबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ पासून सात वर्षं खटला चालला, तो चालवणाऱ्यांतही हाच पुढं होता. हेस्टिंग्ज सुटला, ती गोष्ट निराळी.

जपण्याच्या बाजूचा युक्तिवाद समजायला लंडनला जायची गरज नाही, गांधी मैदानावर जावं. तिथं पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वर तळं होतं, कपिलतीर्थाच्या जागी आता मंडई भरते. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. ती तळी बुजवताना बुजवणाऱ्यांकडं कारणं नव्हती असं नाही. गाव वाढत होतं, मोकळी जागा हवी होती. पण पावसाळा आला की गांधी मैदानात पाणी साठतं ते साठतंच. मैदान म्हणतंय मी मैदान, पाणी म्हणतंय मी तळं. जी गोष्ट पिढ्यान्पिढ्या आहे ती का आहे हे कळल्याशिवाय काढू नये, कारण तिचं काम कुठं लिहून ठेवलेलं नसतं. ती काढल्यावरच कळतं. परंपरावाद्यांचा हा सगळ्यात बळकट मुद्दा आहे आणि तो मला पटतो.

तो कुठं तुटतो तेही इथंच, याच गावात दिसलेलं आहे. त्याकडं येतोच.

आता उताराच्या गोष्टीकडं वळू. देश खाली चाललाय असं म्हणणाऱ्यांचं निदान एकच नसतं. कुणी म्हणतं चारित्र्य गेलं: घर, धर्म, शिस्त सुटली. कुणी म्हणतं संस्था कुजल्या: कोर्ट, वर्तमानपत्रं, विद्यापीठं नावापुरती उरली. कुणी म्हणतं सरकार इतकं फुगलं की माणसाची स्वतः काही करायची खोडच मोडली. चौथे लोक म्हणतात हा कुणाचा दोष नाही, चक्रच तसं आहे. या चौथ्यांचा म्होरक्या म्हणजे ट्युनिसचा इब्न खल्दून. त्यानं १३७७ च्या सुमारास मांडलेला सिद्धांत कुठल्याही तालमीतल्या वस्तादाला चटकन पटेल. भुकेली, काटक, एकमेकांसाठी जीव टाकणारी टोळी वाळवंटातून येते आणि शहर जिंकते. पहिल्या पिढीच्या अंगात ती रग असते. दुसरीनं ती फक्त पाहिलेली असते. तिसरी नुसती ऐकून असते, गादीवर लोळते आणि लढायला भाडोत्री माणसं ठेवते. मग बाहेरून दुसरी भुकेली टोळी येते. टोळीला बांधणाऱ्या त्या आपलेपणाला त्यानं 'असबिया' म्हटलं. हिंदकेसरीचा नातू जिममध्ये आरशासमोर फोटो काढताना दिसला की आमच्या वस्तादांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते म्हणजे इब्न खल्दूनच.

मराठीतही ही परंपरा दांडगी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत 'आमच्या देशाची स्थिती' हा दीर्घ निबंध लिहिला. त्यांचा सूर रडका नव्हता. देश हरला म्हणून हीन ठरत नाही, त्याचा इतिहास, भाषा, स्वाभिमान शाबूत असेल तर तो पुन्हा उभा राहतो, असं ते इंग्रजी शिकून स्वतःचीच लाज वाटायला लागलेल्या पिढीला बजावत होते. पुढं इंग्रज सरकारनं या निबंधावर बंदी घातली. उताराची गोष्ट राज्यकर्त्याला एवढी झोंबते, कारण "पूर्वी बरं होतं" या वाक्याचा दुसरा अर्धा भाग नेहमी "म्हणजे तुम्ही नव्हता तेव्हा" असा असतो.

अशी गोष्ट ऐकली की मी एकच प्रश्न विचारतो. कुठल्या सालापासून बिघडलं? वाद घालायचा नाही, आकडेवारी मागायची नाही, फक्त साल विचारायचं. कारण साल सांगितलं की माणूस त्याच्या नकळत आपल्याला काय गमावल्याचं दुःख आहे ते सांगून टाकतो. कट्ट्यावर मी हा प्रयोग केलाय. एक वकील म्हणाले, १९७५. एक गृहस्थ म्हणाले, १९४७, इंग्रज गेले आणि शिस्त गेली. त्यांचा जन्म १९५० नंतरचा. मिलमध्ये नोकरी केलेल्या एकानं मिलचा भोंगा थांबला तो दिवस सांगितला. एसटीत आयुष्य गेलेले एक आजोबा मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमची चढणच १९०२ ला सुरू झाल्या. ती अजून संपली न्हाई, आनि तुमी उतार कुठनं काढलासा?"

१९०२ म्हणजे त्या वर्षीची २६ जुलै. शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायचा हुकूम काढला तो दिवस. आजोबांच्या या एका वाक्यानं सगळं उताराचं तत्त्वज्ञान रद्द होतं असं मी म्हणणार नाही. संस्था कुजू शकतात, आणि त्या कुजल्या तर सगळ्यात आधी आजोबांच्याच नातवाचं नुकसान होतं. पण 'देश' नावाचा एकच माणूस एकाच जिन्यावरून उतरत असतो, हे चित्र खोटं आहे एवढं कळतं.

आता नागरी स्वातंत्र्य. हा शब्द पाठ्यपुस्तकात मेलेला आहे, म्हणून तो एका खटल्यातून सांगतो.

१८८१ मध्ये केसरी आणि मराठा सुरू झाले. आगरकर केसरीचे संपादक, टिळक मराठाचे. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज तरुण होते. त्यांना वेड लागलंय असं ठरवून त्यांच्यावर पहारा बसवला होता, आणि त्यांचा छळ होतोय अशी गावोगाव कुजबुज होती. या दोन्ही वर्तमानपत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर तोफ डागली. ज्या पत्रांच्या आधारानं ती डागली ती बनावट निघाली. अब्रुनुकसानीचा खटला झाला, १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले. महाराजांचा मात्र पुढच्याच वर्षी नगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अंत झाला. पुरावा खोटा होता, काळजी खरी होती. वर्तमानपत्राला चुकायची कितपत मुभा असावी, हा नागरी स्वातंत्र्यातला आजही न सुटलेला प्रश्न आपल्या गादीच्या निमित्तानं उभा राहिला होता.

पण खरी गंमत पुढं आहे. एकाच कोठडीत राहिलेली ही दोन माणसं काही वर्षांत एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली. आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढलं. आगरकरांचं म्हणणं, जी रूढी माणसाला चिरडते ती आधी मोडा, लागलं तर कायद्यानं मोडा. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारला आमच्या घरात शिरू देऊ नका. आज सुधारणेच्या नावाखाली शिरलेलं सरकार उद्या बाहेर निघत नाही. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा झालं, तेव्हा हा वाद पेटला. टिळकांचा मुद्दा हा परंपरावादी स्वातंत्र्यविचाराचा अस्सल नमुना आहे: सरकार आणि माणूस यांच्यामध्ये घर, जात, धर्म, गाव अशा भिंती असतात, त्या पाडल्या की माणूस सरकारपुढं उघडा पडतो. आगरकरांचं उत्तर तितकंच अस्सल आहे: भिंतीच्या आत त्या दहा वर्षांच्या मुलीला कोण वाचवतं?

मी या वादात आगरकरांच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. तरी टिळकांचा मुद्दा मूर्खपणाचा नव्हता. तो चुकीच्या जागी लावला होता.

आणि तो पुन्हा चुकीच्या जागी लागला तो इथं, पंचगंगेच्या घाटावर. १८९९ च्या सुमारास शाहू महाराजांच्या लक्षात आणून देण्यात आलं की स्नानाच्या वेळी भटजी वेदोक्त मंत्र म्हणतच नाहीत, पुराणोक्त म्हणतात, कारण त्यांच्या लेखी छत्रपतीसुद्धा शूद्र. महाराजांनी वेदोक्ताचा हक्क मागितला. केसरी तोवर टिळकांच्या हाती आला होता; त्यानं १९०१ मध्ये त्याला 'वेदोक्ताचे खूळ' म्हटलं. कोल्हापूरच्या एका छत्रपतीसाठी तुरुंगात गेलेला माणूस वीस वर्षांनी कोल्हापूरच्या दुसऱ्या छत्रपतीच्या विरोधात लिहीत होता. जपण्याचा विचार इथं तुटतो. तळं का आहे हे विचारायला हवं, हे बरोबर. पण ते तळं कुणाच्या घरावर बांधलंय हेही विचारायला हवं. वर्षानुवर्षं टिकलेल्या गोष्टीत शहाणपण असू शकतं. तिच्याखाली दबलेल्या माणसाला कधी कुणी विचारलंच नाही, एवढंही त्या टिकण्याचं कारण असू शकतं.

स्वतंत्र भारतात हा पेच कसा उलटापालटा झाला ते बघण्यासारखं आहे. २६ मे १९५० रोजी सुप्रीम कोर्टानं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे दोन निकाल एकाच दिवशी दिले. एक 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाच्या बाजूनं, दुसरा 'ऑर्गनायझर' या संघाच्या विचारांच्या साप्ताहिकाच्या बाजूनं. डावं आणि उजवं एकाच न्यायानं सुटलं. सरकारला ते रुचलं नाही. वर्षभरात घटनेची पहिली दुरुस्ती आली आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांनी बोलण्यावर बंधनं घालायची सोय झाली. संसदेत तिला कडाडून विरोध करणाऱ्यांत श्यामाप्रसाद मुखर्जी होते, म्हणजे त्याच वर्षी जनसंघ, आजच्या भाजपचा पूर्वज, स्थापन करणारे.

पुढं १९५९ मध्ये राजगोपालाचारींनी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, स्वतंत्र पक्ष काढला. काँग्रेसनं नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला होता आणि शेतकऱ्याची जमीन जाणार अशी धास्ती होती. 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हा शब्दप्रयोग त्यांचा. देश खाली जातोय याचं राजाजींचं कारण एकच: ज्याला धंदा करायचाय त्याला आधी साहेबाच्या दारात उभं राहावं लागतं, आणि दारात उभं राहायची सवय लागलेला माणूस मत द्यायलाही ताठ उभा राहत नाही. १९६७ मध्ये या पक्षाचे ४४ खासदार निवडून आले. काही वर्षांत पक्ष संपला. धर्म मानणारा, मालमत्ता मानणारा आणि तरीही सरकारच्या लाठीला घाबरून असणारा असा परंपरावाद आपल्याकडं एवढाच काय तो संघटित रूपात दिसला. मला त्याचं संपणं नुकसानीचं वाटतं, मग त्यांच्या अर्थकारणाशी आपलं जमो की न जमो.

मग आणीबाणी. २५ जून १९७५ च्या रात्रीपासून २१ महिने. संघावर बंदी आली, जनसंघाचे, समाजवाद्यांचे लोक मिसा या खटल्याविना कोंडायच्या कायद्याखाली आत गेले. सरकारची भाषा नीट ऐकली तर ती उताराचीच होती: शिस्त बिघडली आहे, देश धोक्यात आहे, म्हणून थोडा काळ हक्क बाजूला ठेवा. म्हणजे ही गोष्ट उजव्यांच्या मालकीची नाही. खुर्चीवर जो असेल त्याला ती उपयोगी पडते. त्याच डिसेंबरात आपल्यापासून दीड-दोन तासांवर, कराडला, साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यावर ठणकावून सांगितलं, आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना केली, आणि पुढं तुरुंगात गेल्या. लोकपरंपरेवर आयुष्य घालवलेली ती बाई कुठल्याच खान्यात बसत नाही. सुप्रीम कोर्टात प्रश्न आला की आणीबाणीत एखाद्याला बेकायदा कोंडलं तर तो कोर्टात दाद मागू शकतो का. एप्रिल १९७६ मध्ये पाचापैकी चार न्यायाधीश म्हणाले, नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना म्हणाले, शकतो. पुढं सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

जे तेव्हा तुरुंगात होते त्यांच्यापैकी बरेच पुढं सत्तेत बसले. त्यांच्या सरकारनं २००२ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा आणला. त्याआधीचा तसलाच कायदा, टाडा, काँग्रेसचा, १९८५ चा. पोटा २००४ मध्ये काँग्रेस आघाडीनं रद्द केला आणि त्यातल्या बऱ्याच तरतुदी १९६७ च्या यूएपीए या बेकायदा कारवाया रोखायच्या कायद्यात आणून बसवल्या. २००८ मध्ये त्याच आघाडीनं त्याखालचा जामीन अवघड केला, २०१९ मध्ये भाजप सरकारनं संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करायची सोय केली. २०२५ च्या जुलैत आपल्या विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांना आवरायला ते हवं, असं सरकार म्हणतं; व्याख्या एवढी सैल आहे की साधा आंदोलकही त्यात अडकेल, असं विरोधक म्हणतात.

"आधी सुव्यवस्था, मग स्वातंत्र्य" हे म्हणणं मी उडवून लावत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सकाळी फिरून घरी परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांचं बोलणं कुठल्या कायद्यानं थांबवलं नव्हतं. बोलणाऱ्याचा जीव सांभाळणारं राज्यच नसेल तर बोलायचा हक्क कागदावर राहतो. दुसरी बाजूही इथलीच. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद केलं गेलं. दगड शंभर-दोनशे हातांत असतील, इंटरनेट सगळ्यांचं गेलं. कट्ट्यावर त्या दिवशी मोबाईलनं पैसे देता येईनात, आणि गवळ्यानं वहीत उधारी लिहून घेतली. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२० मध्येच सांगून ठेवलंय की असा बंदचा हुकूम बेमुदत नको, आणि तो जाहीर करा, म्हणजे त्याला आव्हान देता येईल. सुव्यवस्था आणि मनमानी यांच्यातला फरक हुकूम किती कडक आहे यावरून कळत नाही. तो कुणाला विचारता येतो का, यावरून कळतो. आणि कायदा तपासायची माझी पद्धत घरगुती आहे. तो आपल्या सगळ्यात नावडत्या पुढाऱ्याच्या हातात दिला अशी कल्पना करायची. पोटात गोळा आला तर कायदा सैल आहे.

उरला प्रश्न सावरण्याचा. उतार सांगणारे सगळे शेवटी पुनरुज्जीवनाकडं येतात. १८९७ च्या अमरावतीच्या सामाजिक परिषदेत न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना शांतपणे विचारलं होतं की नेमकं कशाचं पुनरुज्जीवन करू? कुठल्या काळातल्या चालीरीती? वेदकाळी चालणारं मांसमद्य, की नंतरची सतीची चाल? भूतकाळ एक नाही, त्यातून निवड करावी लागते; आणि निवड करायला लागलात की तुम्ही सुधारकच झालात. माझा साल विचारायचा नाद हा रानड्यांच्या प्रश्नाचाच कोल्हापुरी भाचा म्हणा.

शाहू महाराजांनी हा पेच कसा सोडवला ते दसरा चौकात उभं राहिलं की दिसतं. त्यांनी जात नाही असं सोंग केलं नाही. ज्या जातीपातींत समाज वाटला गेला होता त्यांनाच हाताशी धरलं, आणि प्रत्येकीला सांगितलं, आपल्या पोरांसाठी बोर्डिंग काढा. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. आपुलकी जिथं होती तिथूनच काम सुरू केलं, आणि पोरं शिकल्यावर ती जुनी भिंत आतून सैल झाली. बर्क माणसाच्या प्रेमाची सुरुवात त्याच्या लहानशा टोळक्यापासून होते म्हणायचा. महाराजांनी ते टोळकं वापरलं, पूजलं नाही. अर्थात त्यांच्या हातात राजाची सही होती. लोकशाहीत ती कुणाच्याच हातात नाही, असू नये.

म्हणूनच लहान संस्थांचं काय चाललंय ते बघावं लागतं. मार्गारेट थॅचर १९७९ मध्ये ब्रिटनचा उतार थांबवते म्हणून निवडून आल्या. सरकारचा पसारा कमी करायचा त्यांचा निर्धार होता. पण लंडन शहराची निवडून आलेली कौन्सिल विरोधकांच्या हातात होती, आणि १९८६ मध्ये त्यांनी ती कौन्सिलच बरखास्त केली. बाजार मोकळा, शहर मुठीत. आपल्याकडं कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षं कारभार प्रशासकाकडं राहिला. राज्यातल्या इतर महापालिकांतही असंच झालं. या पाच वर्षांत देशाच्या ऱ्हासावर किती भाषणं झाली असतील! पण गल्लीतून निवडून गेलेला माणूसच सभागृहात नाही, हा ऱ्हास त्यात कुणी मोजला नाही. जपणाऱ्यांनी आधी जपायचं ते हे.

मोठी दुरुस्ती कशी दिसते ते मी कट्ट्यावरच्या काकांना परवा सांगत होतो. आणीबाणी उठल्यावर जनता सरकारनं १९७८ मध्ये घटनेची ४४ वी दुरुस्ती केली. तोपर्यंत 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावर आणीबाणी लावता येत होती. ते शब्द काढून तिथं 'सशस्त्र बंड' असं घातलं. पंतप्रधानांना एकट्यानं ठरवता येणार नाही, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला हवा, असं केलं. आणि जगण्याचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं लिहून टाकलं. न्यायमूर्ती खन्नांचं एकट्याचं मत अशा रीतीनं घटनेत आलं. त्याच दुरुस्तीनं मालमत्तेचा मूलभूत हक्क मात्र गेला, ज्यासाठी राजाजींनी म्हातारपणी पक्ष काढला होता. त्या सरकारात जनसंघाचेही लोक होते, समाजवादीही. दोघंही नुकते तुरुंगातून आलेले, म्हणून कुलूप कुठं बसवायचं ते दोघांनाही ठाऊक होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे बदललं काय? दोन शब्द?"

म्हटलं, मुख्य बदल तेवढाच.

"दोन शब्दाला एकवीस महिने," ते पेला पालथा घालत म्हणाले, "लई महाग पडलं की वो." आणि गवळ्याकडं वळून म्हणाले, "आजचं बरं हाय रं दूध."